दोन बॅटऱ्यांची वही

रविवार, ५ जानेवारी १९८६

कमळाकरभाऊंनी आज मला चाळीस पानी वही दिली. म्हणाले, दोन्ही बॅटऱ्यांची नोंद हिच्यात ठेव. कधी भरली, कुठे वापरली, किती मिनिटे चालली. ती नोंद मी पुढून सुरू केली आहे. मागची पाने कोरी राहिली असती, आणि कोरी पाने मला बघवत नाहीत. म्हणून मागून हे माझे स्वतःचे लिहीत आहे. दोन्ही नोंदी एकमेकींत मिसळू द्यायच्या नाहीत.

मी नववीत शाळा सोडली. वडिलांचे मिठागर नव्या शहरासाठी गेले, ते वर्ष. शाळा सुटली तरी ऱ्हस्व-दीर्घ मी सोडलेले नाही.

भाऊंचे दुकान बेलापूरला आहे, पिठाच्या गिरणीला लागून. लग्न, बारसे, साखरपुडा यांचे व्हिडिओ शूटिंग. सामान त्यांच्या साडूंनी दुबईहून आणले. त्याची यादी अशी: कॅमेरा एक, खांद्यावर घ्यायचा. रेकॉर्डर एक, पट्ट्याने गळ्यात अडकवायचा. कॅसेट याच्यात असते. बॅटऱ्या दोन, दोन्हींवर मी पांढऱ्या रंगाने १ आणि २ असे आकडे घातले. चार्जर एक. काळी वायर एक, हातभर लांब, दोन्ही टोके गोल. उपयोग माहीत नाही. माहितीपुस्तक एक, इंग्रजी.

कॅमेरा आणि रेकॉर्डर भाऊंकडे कुलपात राहणार. बॅटऱ्या, चार्जर आणि वायर माझ्या ताब्यात.

साडूंनी सांगितलेला एक नियम महत्त्वाचा आहे. बॅटरीला आठवण असते. अर्धी वापरून पुन्हा भरली तर ती समजते की आपण एवढ्याच आहोत, आणि पुढे अर्धीच चालते. म्हणून पंधरा दिवसांतून एकदा ती पूर्ण रिकामी करायची आणि मगच भरायची.

हा नियम बॅटरीपुरताच असावा अशी आशा आहे.

गुरुवार, ९ जानेवारी

बॅटऱ्या भरण्याचा प्रश्न सुटला. दुकानाची वीज गिरणीवाल्याच्या मीटरवरची. दिवसा गिरणी फिरते तेव्हा चार्जरचा दिवा लागतच नाही, आणि संध्याकाळी गिरणी थांबली की तो मेन स्विच काढून घरी जातो. आमच्या घरी अजून मीटर आलेला नाही. दिवाळे या आमच्या गावात शेजारी गंगारामकाकांनी नवे घर बांधले, त्यांच्याकडे आहे. काका म्हणाले, "आन इकडं. तुझ्या डब्या काय मासळी खात नाय."

काका होडीवर असतात, त्यांची बहीण सुंदराआत्या मासळीची पाटी घेऊन बाजारात. घरात काकांची मुलगी गोजरा असते. तिला मी पद्धत समजावली. बॅटरी चार्जरला लावली की लाल दिवा लागतो. दीड तासाने दिवा विझतो. विझला की काढायची आणि दुसरी लावायची.

"एवढंच?" ती म्हणाली. "दिवा विझायची वाट बघत बसायचं?"

"हो."

"आनि तू काय करनार?"

"नोंद."

ती हसली. का ते कळले नाही. तेव्हापासून ती मला बॅटरीमास्तर म्हणते. मास्तर हा शब्द माझ्यासारख्याला लावणे बरोबर नाही, असे मी तिला सांगितले.

रविवार, १२ जानेवारी

करावे गावात बारसे. बॅटरी क्र. १ अडतीस मिनिटे, क्र. २ एकेचाळीस मिनिटे. बाळाच्या कानात नाव सांगताना बॅटरी सुरू होती. भाऊ खूश. मी गोजराला जाऊन आकडे सांगितले. ती म्हणाली, "म्हंजे माझा हात चांगला हाय." हात नव्हे, व्होल्टेज, पण मी बोललो नाही.

रविवार, १९ जानेवारी

बॅटऱ्या रिकाम्या करण्याचा दिवस. भाऊंनी कॅमेरा घरी नेऊ दिला. म्हणाले, "भिंतीवर लाव आणि बस. टेन्शन घ्यायचं काम नाही."

आमच्या ओट्यावर बसून मी कॅमेरा गंगारामकाकांच्या भिंतीवर धरला. कॅसेट घालायची नाही, ती उगीच झिजते. गोजरा धुणे वाळत घालायला आली. बराच वेळ माझ्याकडे बघत उभी होती.

"भिंतीचं काय काढतोस?"

"काही काढत नाही. बॅटरी रिकामी करतो आहे."

"मग भिंतच कशाला?"

मी सांगितले की कशावरही धरला तरी चालते, बॅटरीला फरक पडत नाही.

"बॅटरीला नाय पडत," ती म्हणाली आणि बादली उचलून आत गेली. बादलीत अजून दोन कपडे पिळून ठेवलेले होते.

बुधवार, २२ जानेवारी

मोठी बातमी. गंगारामकाका स्वतः दुकानात आले. गोजरासाठी स्थळ आले आहे. मुलगा उरणकडचा, नाव अरविंद, मस्कतला एका कंपनीत आहे. त्याला दोन वर्षे सुट्टी नाही, म्हणून मुलगी कॅसेटवर पाहायची असे त्यांच्याकडून ठरले. मुलाचे मामा हिरामण एकोणीस फेब्रुवारीला मस्कतला जाणार, ते कॅसेट घेऊन जातील. उरणच्या एका मुलीची कॅसेट आधीच त्यांच्याकडे पोचली आहे. दोन्ही पाहून मुलगा ठरवणार.

काका म्हणाले, "घर येऊ दे, होडी येऊ दे, पोरगी चालताना येऊ दे. धक्क्यावर काढा. फोटोत ती काळी येते."

भाऊंनी माझ्याकडे बघून सांगितले, "हे शूटिंग पंढरी करेल. शेजारचा आहे, मुलगी लाजणार नाही." नंतर मला बाजूला घेऊन म्हणाले, "हे जमलं तर पुढच्या सीझनला कॅमेरा तुझ्या खांद्यावर. नाही जमलं तर वहीच लिहीत बस."

मी नववी नापाससुद्धा नाही, नववी अर्धी आहे. अशा माणसाच्या खांद्यावर कोणी इतकी किमती वस्तू देईल असे कधी वाटले नव्हते. ही कॅसेट चांगली झालीच पाहिजे.

संध्याकाळी गोजराने विचारले, "तिकडं ती कॅसेट कोन बघनार?"

"अरविंद."

"एकटाच?"

मी चौकशी केली होती. कंपनीच्या खोलीत आठ जण राहतात, टीव्ही एकच आहे.

"म्हंजे आठ जन मला बघनार."

मी तिला धीर दिला की कॅसेट कितीही वेळा लावली तरी चित्र फारसे खराब होत नाही.

रविवार, २६ जानेवारी

फार वाईट दिवस.

साडेचारला बॅटऱ्या घ्यायला गेलो. गोजरा म्हणाली दोन्ही भरल्या, दिवा दोनदा विझला. चार्जर हाताला गार लागला. एरवी तो कोमट असतो. पण थंडीचे दिवस आहेत. गोजराच्या साडीला मात्र फार सुंदर इस्त्री होती, एक सुरकुती नाही. त्यांच्या बोर्डावर प्लगची जागा एकच आहे. आणखी एक काढून घेतली तर इस्त्री आणि चार्जर एका वेळी चालतील, हे काकांना सुचवायचे आहे.

धक्क्यावर निम्मे गाव जमले होते. काका सांगत होते, "चाल. आता मागं बघ. हस. एवढं नाय." बॅटरी क्र. १ चार मिनिटांत संपली. क्र. २ तीन मिनिटांत. कॅसेटवर आले ते असे: काकांचा नवा सदरा, होडीचे नाव, एक कुत्रा आणि गोजराची पाठ.

"पाठ पाठवून चालनार नाय," काका म्हणाले.

सुंदराआत्या पाटीवर बसल्या होत्या. म्हणाल्या, "का नाय? पाठ चांगली हाय तिची."

सगळे हसले, मी सोडून. गोजरा माझ्याकडे बघत होती. म्हणाली, "मास्तर, तोंड एवढं पाडू नको. बॅटरी तर हाय, मानूस नाय गेला."

मंगळवार, २८ जानेवारी

काल त्याच बॅटऱ्या पुन्हा गोजराकडे भरल्या आणि आज बेलापूरच्या साखरपुड्यात वापरल्या. क्र. १ सदतीस मिनिटे, क्र. २ चाळीस. भाऊ बुचकळ्यात पडले. मी रात्री कारण शोधून काढले. धक्क्यावर खाडीचे खारे वारे असते आणि बॅटऱ्या तिथे पहिल्यांदाच गेल्या होत्या. बॅटरीला आठवण असते, तर जागेचीही असेल. तिला ती जागा मानवत नसावी. माहितीपुस्तकात असेल, पण ते इंग्रजी आहे.

शूटिंग येत्या रविवारी, दोन तारखेला.

शुक्रवार, ३१ जानेवारी

मी बाहेर होतो तेव्हा गोजराने चार्जरखाली चिठ्ठी ठेवली. तिला लिहिताना मी पहिल्यांदाच पाहिले, म्हणजे तिचे अक्षर. चिठ्ठी अशी:

"पंढरि, रवीवारी शूटींग नको करूस. माझी तब्बेत बरी नसनार."

पाच चुका. मी लाल शाईने दुरुस्त केल्या (पंढरी, रविवारी, शूटिंग, तब्येत, नसणार) आणि शेवटचे अक्षर दीर्घ असते हा नियम खाली लिहून चिठ्ठी परत दिली. अक्षर बाकी चांगले आहे, ठळक.

शनिवार, १ फेब्रुवारी

गोजराने चिठ्ठी माझ्या समोर धरली.

"चुका काढल्यास. लिवलंय काय ते वाचलंस का?"

"वाचले. पाच चुका होत्या."

 तिने चिठ्ठी घडी करून ब्लाउजमध्ये ठेवली. शुद्धलेखनाची आवड असलेल्या मुली कमी असतात. पुढच्या वेळी तिला अनुस्वारही शिकवायचे आहेत.

रविवार, २ फेब्रुवारी

गोजराची तब्येत खरोखरच बिघडली. चिठ्ठीतला अंदाज बरोबर ठरला. काका म्हणाले ताप आहे. मी विचारपूस करायला गेलो तेव्हा आत्या तिला कोळंबीचे कालवण आणि भाकरी वाढत होत्या, आणि ती दुसरी भाकरी मागत होती. तापात इतकी भूक लागलेली मी पाहिली नव्हती. आत्या म्हणाल्या, "हा ताप असाच असतो. तुला कळायचा नाय."

शूटिंग नऊ तारखेला.

रविवार, ९ फेब्रुवारी

पुन्हा तेच. क्र. १ पाच मिनिटे, क्र. २ दोन मिनिटे. मी बॅटऱ्या फडक्यात गुंडाळून नेल्या होत्या, वारा लागू दिला नव्हता. आधी दुपारी मी स्वतः जाऊन पाहिले होते, लाल दिवा व्यवस्थित लागलेला होता. गोजराने मला चहा दिला आणि घरी पाठवले. म्हणाली, "तू बसलास की बॅटरी लाजते." चहात आले घातलेले होते.

काका धक्क्यावरच म्हणाले, "कमळाकरला सांग, हा पोरगा नको. दुसरा मानूस दे."

गोजरा एकदम वळली. "दुसरा मानूस असंल तर मी उभी ऱ्हानार नाय."

असे आहे की शेजारी म्हणून तिला माझी सवय आहे. तरी तिने बाजू घेतली हे चांगले केले. मात्र दहा दिवस उरले आहेत.

सोमवार, १० फेब्रुवारी

भाऊ रागावले. राग आला की ते पूर्ण नाव घेतात.

"पंढरीनाथ, सगळ्या गावांत चालते आणि तुझ्याच धक्क्यावर मरते?"

मी जागेच्या आठवणीबद्दल सांगितले.  तेवढ्यात रावसाहेब आले. हे बेलापूरच्या सरकारी कचेरीत कारकून आहेत आणि इंग्रजी वाचतात. भाऊंनी माहितीपुस्तक त्यांच्या हातात दिले. रावसाहेबांनी चष्मा लावून दहा मिनिटे पाने उलटली आणि म्हणाले, "अहो, यात एक वायर येते. चार्जरमधून सरळ रेकॉर्डरला लावायची. घरच्या विजेवर कॅमेरा चालतो. बॅटरी लागतच नाही."

म्हणजे ती काळी वायर. हातभर, दोन्ही टोके गोल. पाच जानेवारीच्या यादीत मी स्वतः लिहिली आहे.

ती चार्जरबरोबर गोजराकडे ठेवलेली होती. मी धावत गेलो. गोजरा जाळे विणत होती.

"कसली वायर?"

"काळी. हातभर."

"आमच्याकडं दोरी हाय, गळ हाय, जाळं हाय. वायर नाय बा."

आत्या मासळीच्या डब्याला टेकून बसल्या होत्या. मी सगळे घर पाहिले. मी त्यांना उठायला सांगितले नाही. वयाने मोठ्या आहेत.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

वायर मिळाली नाही. तशी वायर इकडे विकत मिळत नाही.

बाजारातून येताना आत्यांची पाटी घराजवळ उतरवून घेतली. त्यांनी विचारले, "ती कॅसेट गेली तर लगीन होनारच?"

मी म्हणालो, चांगली निघाली तर होईल.

"माझा मानूस बोटीवर गेला होता. लगीन होऊन वीस दिवस झालेले. सात वर्सं मी भिंतीवरचा फोटो बघत होते." त्यांनी पाटीतले दोन पापलेट माझ्या हातात ठेवले. "तू हुशार हायेस रे. सगळं लिवून ठेवतोस. पन कधी वर मान करून बघ."

मी वर पाहिले. आभाळ स्वच्छ होते. रविवारी प्रकाश चांगला मिळेल.

शनिवार, १५ फेब्रुवारी

गिरणीला शनिवारी सुट्टी असते हे माझ्या आधीच लक्षात यायला हवे होते. भाऊंनी गिरणीवाल्याची मनधरणी केली, मेन स्विच राहू दिला. मी सकाळी आठपासून चार्जरसमोर बसलो. जागचा उठलो नाही. क्र. १ चा दिवा ९.४० ला विझला, क्र. २ चा ११.१५ ला. चार्जर चांगला तापला होता. माझ्या केसांत पीठ बसले आहे, सुट्टीच्या दिवशीही ते हवेत असते.

अकरा वाजता गोजरा तांदळाचा डबा घेऊन आली. दिवाळ्याहून इथवर चालत. आज गिरणी बंद असते हे तिला माहीत असायला हवे होते.

ती चार्जरजवळ उभी राहिली आणि दिवा विझेपर्यंत बघत होती.

"दोन्ही भरल्या?"

"काठोकाठ."

"किती वेळ चालतील?"

"ऐंशी मिनिटे. जागेचा दोष असला तरी साठ."

"एवढा वेळ कशाला लागतो मानसाला बघायला?"

मी सांगितले की गाठीला जास्त असलेले बरे. तिने माझ्या केसांतले पीठ बोटाने झटकले आणि म्हणाली, "म्हातारा दिसतोस." मग निघून गेली. डबा इथेच राहिला आहे. तिचे लक्ष हल्ली कशात नसते.

हे जमले तर मी कॅमेरामन होईन. ती मस्कतला जाईल. दोन्ही गोष्टी चांगल्या आहेत. एक लिहिल्यावर दुसरी वाचायला जड जाते, तेवढेच.

रविवार, १६ फेब्रुवारी

बॅटऱ्या मी रात्रभर उशाशी ठेवल्या होत्या. संध्याकाळी पाच वाजता धक्क्यावर गेलो. भरती होती. काकांनी गर्दी हटवली होती, फक्त ते आणि आत्या.

गोजरा आली ती साध्या लुगड्यात, इस्त्री नाही. काका ओरडले. ती म्हणाली, "इस्त्रीला आता काय करायचं."

क्र. १ लावली. बटण दाबले. ती चालली, वळली, होडीला हात लावून उभी राहिली. काका सांगतील तसे सगळे केले. हसली नाही. मला वाटले चार मिनिटांत बॅटरी जाईल. गेली नाही. दहा झाली, वीस झाली. कॅमेऱ्याच्या भिंगातून आतले चित्र काळे-पांढरे दिसते, रुपयाएवढे. त्यात ती एकदा सरळ माझ्याकडे बघत म्हणाली, "अजून हाय का रे?"

"आहे."

"मग बघ."

मी बघत होतो. कामच ते आहे. शेजारी राहून मी तिला इतका वेळ सलग कधी पाहिले नव्हते. उजव्या भुवईजवळ एक जुनी खूण आहे. डोळे भरलेले होते, ते वाऱ्यानेही होते.

क्र. १ एकोणचाळीस मिनिटे चालली. क्र. २ ची गरज पडली नाही. काका म्हणाले, "झालं बाबा एकदाचं." मी कॅसेट डबीत घातली. शूटिंग झाले की कॅसेट मागे फिरवून एकदा पाहायची, असा दुकानाचा नियम आहे. आज तो राहून गेला. भाऊ कॅमेरा घेऊन लगेच पनवेलच्या लग्नाला गेले, ते मंगळवारी येणार.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

संध्याकाळी सात वाजता, गिरणीवाल्याला मेन स्विच राहू द्यायला सांगून, दुकानात टीव्हीवर कॅसेट लावली. भाऊ, गंगारामकाका आणि हिरामणमामा बसले होते. मामांचे विमान पहाटेचे.

कॅसेट कोरी होती. नुसत्या मुंग्या. एकोणचाळीस मिनिटे मुंग्या.

बटण एकदा दाबले की सुरू होते, पुन्हा दाबले की थांबते. ते दोनदा दाबले गेले असणार. रेकॉर्डिंग चालू असले की भिंगात कडेला लाल ठिपका दिसतो. तो दिसत नव्हता. तो नाही हे माझ्या लक्षात कधी आले, ते मला इथे नोंदवायचे आहे, पण वेळ आठवत नाही. पाच वाजून बारा मिनिटांनी आले असेल. त्यानंतर मी ठिपका का लावला नाही, याचे कारण लिहिण्यासाठी तीन ओळी सोडल्या आहेत.

 

 

 

बुधवार, १९ फेब्रुवारी

हिरामणमामा कॅसेटशिवाय गेले.

भाऊ म्हणाले, "पंढरीनाथ, तुझ्या बॅटऱ्या चांगल्या निघाल्या. तूच खराब निघालास." कॅमेरा खांद्यावर येणार नाही. वही मात्र काढून घेतली नाही. एवढी व्यवस्थित वही त्यांनी पाहिली नाही म्हणाले.

काका काल रात्रीपासून माझ्याशी बोलत नव्हते. आज ओट्यावरून म्हणाले, "मस्कत गेलं. आता ती उरनची पोरगी जानार."

आत्या आतून म्हणाल्या, "जाऊ दे. तिला गरम सोसत असंल."

काका हसले नाहीत. पण तंबाखूची चंची त्यांनी माझ्याकडे सरकवली.

गोजरा दिसली नाही. आतून भांड्यांचा आवाज येत होता. काहीतरी गुणगुणत होती.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

काळी वायर सापडली. आत्या घेऊन आल्या. मासळीच्या डब्याचे झाकण घट्ट बसत नव्हते म्हणून त्यांनी ती बांधली होती, म्हणजे ते सगळे दिवस. "वास मारंल चार दिवस," म्हणाल्या. वायरला चिठ्ठी गुंडाळलेली होती:

"वायर घे. आत्त्याने बांदली व्हती. मी पन सांगीतलं नाय. रविवारी बॅटऱ्या रिकाम्या करायच्या असतात ना?"

चुका मोजल्या. 'रविवारी' हा शब्द मात्र बरोबर लिहिला आहे. लाल पेन खिशात होते, काढले नाही. चिठ्ठी वहीत ठेवली आहे, आणि मग आधीची सगळी पाने पुन्हा वाचली. गार चार्जर. इस्त्री. बोर्डावरची एकच जागा. शुक्रवारी कळलेला रविवारचा ताप.

सगळे मी स्वतःच्या हाताने लिहिले आहे, आणि एकही शब्द अशुद्ध नाही.

रविवार, २ मार्च

वहीत एकच पान उरले. बॅटरीची नोंद पुढून आली, माझी मागून, त्यामुळे आज दोन्ही याच पानावर.

भाऊंकडून कॅमेरा मागून आणला. मी ओट्यावर बसून भिंतीवर धरणार तोच गोजरा आली. हातात टोपली, कामाचे लुगडे.

"आज भिंत नको," ती म्हणाली. "धक्क्यावर चल."

"कॅसेट नाही घालायची. नियम आहे."

"ठाऊक हाय. कुटं पाठवायचं हाय?"

वाटेत काका जाळे सुकवत होते. त्यांनी आम्हांला पाहिले, कॅमेरा पाहिला, आणि जाळ्याकडे वळून म्हणाले, "लवकर संपवा ती बॅटरी. हिला भाकऱ्या करायच्या हायेत."

बॅटरी क्र. १. चालू ५.१०, बंद ५.४९. एकूण ३९ मिनिटे.
बॅटरी क्र. २. चालू ५.५१, बंद ६.३३. एकूण ४२ मिनिटे.
काम: रिकामी करणे.
ठिकाण: दिवाळे, धक्का.
शेरा: दोन्ही पूर्ण चालल्या. जागेचा दोष नाही.